टर्मिनलमधल्या एआय सहायकाकडे जुना कोड सोपवताना

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम, जँगो या पायथनच्या वेब-चौकटीवर लिहिलेला कर्ज-वसुलीचा दहा वर्षांचा जुना प्रकल्प, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) नावापुरत्या. एडिटरमध्ये ओळ पूर्ण करून देणारं एआय सगळेच वापरतात. आता टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा सहायक आणायचा विचार आहे. आणावा का, सुरुवात कुठून करावी आणि त्याला कमांड चालवायची मुभा किती द्यावी?

आणावा. मी बावीस वर्षं सर्व्हरकडचा कोड लिहिते आहे, आणि टर्मिनलमधला सहायक आता माझ्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे. पण आधी तो चालतो कसा ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

एडिटरमधलं ऑटोकम्प्लीट तुम्ही लिहीत असताना पुढचा मजकूर सुचवतं आणि थांबतं. टर्मिनलमधल्या सहायकाला काम सांगितलं की तो स्वतः फायली उघडून वाचतो, ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने शोधतो, बदल करतो, टेस्ट चालवतो, आलेली एरर वाचतो आणि पुन्हा बदल करतो. प्रत्येक कमांडचं आउटपुट परत मॉडेलकडे जातं आणि त्यावरून पुढची कमांड ठरते. एडर हे मुक्तस्रोत साधन २०२३ पासून टर्मिनलमधून कोड बदलतंय. अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणि गूगलचं जेमिनी सीएलआय जूनमध्ये. नावं वेगळी, चक्र साधारण तेच. त्यामुळे कोणतं घ्यावं या चर्चेत आठवडे घालवू नका.

या चक्रात आपलं चुकलंय हे सहायकाला कशावरून कळतं? टेस्ट पडली, कोड न चालवता तपासणाऱ्या लिंटरने खोट काढली, स्क्रिप्ट मध्येच मेली, तरच. तुमच्याकडे टेस्ट नावापुरत्या आहेत, म्हणजे त्याला चूक दाखवणारं तुमच्या प्रकल्पात जवळपास काहीच नाही. तो बदल करील, कुठूनही एरर आली नाही म्हणून काम झालं असं सांगेल, आणि त्याला जेवढं दिसतं तेवढ्यात ते बरोबरच असेल. चूक कशी ओळखायची हे त्याला तुम्हीच द्यायचं आहे. माझं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती फिरतं, आणि ते का, हे एका कामावरून सांगते.

एका पतसंस्थेचं सभासद-नोंदीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. तिथून तक्रार आली की 'कुऱ्हाडे' आडनाव शोधलं तर सगळे सभासद येत नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं होतं, सात यायला हवेत, चारच येतात. मी तक्रार जशीच्या तशी सहायकाला दिली. डेटाबेसची पूर्ण प्रत त्याच्या हाती द्यायची नाही हा आमचा नियम आहे, म्हणून फक्त आडनावांचा स्तंभ आणि ओळीचा क्रमांक एवढंच वेगळं काढून दिलं होतं.

त्याने शोधाचं फंक्शन वाचलं, क्वेरी चालवली, आणि त्यानंतर जे केलं ते बघून मला मनापासून बरं वाटलं. त्याने नावं छापण्याऐवजी नावांचे बाइट छापले. टर्मिनलमध्ये देवनागरीच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबता येत नाही. ठरावीक रुंदीच्या चौकोनांत अक्षरं बसवताना बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं तुटतात, मात्रा सरकतात, आणि वेगळ्या दोन नोंदी सारख्याच दिसतात. बाइटमध्ये फरक उघडा पडला. चार नोंदींत 'ऱ' हे एकच अक्षर होतं, युनिकोड ०९३१, बाइटमध्ये ई० ए४ बी१. आणखी दोन नोंदींत साधा 'र' आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे ०९३० आणि ०९३सी. दिसायला दोन्ही एकच. युनिकोडच्या लेखीही ती समतुल्य आहेत, आणि एनएफसी नावाचं सामान्यीकरण दुसऱ्या रूपाला पहिल्या रूपात आणतं. सहायकाने नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एनएफसी लावलं, टेस्ट लिहिली, टेस्ट पास झाली. चहा संपायच्या आत. मला एकटीला यात अर्धा दिवस गेला असता.

काम झालं, असं त्याने लिहिलं. मी नावं मोजली. सहा.

सातव्या नोंदीत ०९३१ नव्हतं आणि नुक्ताही नव्हता. साधा 'र', हलन्त, आणि पुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचं जोडचिन्ह, युनिकोड २००डी. काही कीबोर्डांवर ऱ्य आणि ऱ्ह असेच उमटतात, आणि वर्षानुवर्षांच्या डेटा एंट्रीत तिन्ही रूपं मिसळलेली असतात. एनएफसी या चिन्हाला हात लावत नाही. मी ती नोंद त्याला दाखवली. त्याने लगेच दुसरा उपाय केला: सगळी झेडडब्ल्यूजे काढून टाकायची आणि 'ऱ' चा 'र' करायचा, म्हणजे तिन्ही रूपं एकाच ठिकाणी येतात. टेस्ट चालवली. सगळ्या हिरव्या. नावं मोजली, सात. तक्रारीपुरतं बघितलं तर काम झालं होतं.

मग मी गिट डिफ वाचला, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटने दाखवलेले बदल. आधीचं एनएफसी साठवताना आणि शोधताना एकाच फंक्शनमधून लागत होतं, आणि नवा बदल त्याच फंक्शनमध्ये गेला होता. म्हणजे यापुढे कुणा सभासदाचा पत्ता बदलायला कोणी नोंद उघडून सेव्ह केली असती, तर 'कुऱ्हाडे' चं 'कुर्हाडे' होऊन बसलं असतं. पासबुकावर, कर्जाच्या कागदांवर, सगळीकडे रफार. माणसाचं आडनाव बदललं असतं आणि एकही टेस्ट पडली नसती, कारण टेस्ट फक्त शोधात किती ओळी आल्या एवढंच बघत होती.

मी त्याला विचारलं, 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत फरक काय? त्याने अगदी बरोबर सांगितलं, एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना'? तेही बरोबर, एक स्वयंपाकी, दुसरे गुरू. म्हणजे भाषेची जाण त्याच्याकडे होती. पण कोड लिहिताना तो प्रश्न त्याच्यासमोर आलाच नव्हता, कारण त्या चक्रात तो प्रश्न विचारणारं काहीच नव्हतं. सातचा आकडा काउंटरवरच्या बाईंकडून आला होता, दऱ्या-दर्या माझ्याकडून.

शेवटी जे केलं ते असं. 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे ही तिघांची साखळी दिसली की तिच्या जागी 'ऱ' आणि हलन्त, त्यानंतर एनएफसी, आणि हे सगळं शोधासाठीच्या वेगळ्या स्तंभात. मूळ नाव जसं लिहिलं तसंच राहतं. टेस्टमध्ये दोन ओळी वाढल्या: दऱ्या आणि दर्या वेगळे राहिले पाहिजेत, आणि सेव्ह केल्यावर मूळ नावाचा एकही बाइट बदलता कामा नये. एवढं सांगितल्यावर सहायकाने ते सफाईने लिहिलं, जुन्या नोंदींसाठी मायग्रेशनही (डेटाबेसमध्ये बदल करणारी स्क्रिप्ट) लिहिलं. ते मी वाचलं आणि प्रत्यक्ष चालवलंसुद्धा मीच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, सुरुवात कुठून. नवीन फीचरने करू नका. पहिलं काम त्याला द्या ते टेस्ट लिहायचं, आणि त्याही विशिष्ट प्रकारच्या: जुना कोड आज जे करतो ते, बरोबर असो वा चूक, जसंच्या तसं पकडून ठेवणाऱ्या. एक मॉड्यूल घ्या, खऱ्या वापरातले पन्नासेक इनपुट गोळा करा, त्यांतला खाजगी तपशील बदला, कोड चालवून आउटपुट नोंदवा, आणि उद्या त्यात फरक पडला तर टेस्ट पडली पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच दहा वर्षं कोणी केलं नाही. सहायक ते न कंटाळता करतो.

इथे एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवा. मोकळं सोडलं तर तो कोड वाचून, त्याने काय करायला हवं हे मनाशी धरून टेस्ट लिहितो, आणि डेटाबेसच्या जागी मॉक, म्हणजे खोटा बदली डेटाबेस, बसवतो. अशा टेस्ट दिसायला भरपूर असतात आणि पकडत काहीच नाहीत. त्याला स्पष्ट सांगा: डेटाबेस खरा हवा, टेस्टसाठी वेगळा उभा केलेला चालेल, पण मॉक नको. आणि टेस्ट लिहून झाल्या की कोड मुद्दाम मोडून बघा. व्याजाच्या सूत्रातल्या एका बेरजेची वजाबाकी करा, एखादी अट उलटी करा. टेस्ट पडली तरच ती टेस्ट. आमच्याकडे हे काम सगळ्यात नवीन मुलीकडे असतं आणि ती ते मन लावून करते, कारण जुना कोड समजून घ्यायचा याहून चांगला रस्ता मला तरी माहीत नाही.

टेस्ट आल्या की रोजची पद्धत अशी ठेवा. कामाला हात घालण्याआधी सगळं कमिट करून, म्हणजे गिटमध्ये नोंदवून, गिट स्टेटस स्वच्छ. वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा. काम सांगताना आधी फक्त आराखडा मागायचा, कोणत्या फायली बदलणार आणि का. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी प्लॅन मोड आहे, नसेल तिथे 'अजून काही बदलू नकोस' एवढं लिहिलं तरी पुरतं. चूक आराखड्यातच सापडली तर दोन मिनिटांत सुधारते, चाळीस फायली बदलल्यावर सापडली तर दिवस जातो. आराखडा पटला की मग बदल, मग डिफ, मग कमिट. एका बैठकीत नीट वाचता येणार नाही एवढा मोठा डिफ आला तर मी तो वाचतच नाही, गिटने मागे जाते आणि कामाचे लहान तुकडे करून देते. एडर प्रत्येक बदलाचा कमिट आपोआप करतो, ती सवय बाकीच्या साधनांबरोबरही लावून घेण्यासारखी आहे.

डिफमध्ये टेस्टच्या फायली आधी बघा. टेस्ट पास करून दे असं सांगितल्यावर ती पास करायचा सगळ्यात जवळचा रस्ता टेस्टच सैल करण्याचा असतो, आणि कधीकधी तो तिकडे वळतो. अपेक्षित आकडा बदललेला दिसतो, एखादी टेस्ट स्किप केलेली दिसते, किंवा कोडमध्ये ट्राय-एक्सेप्ट घालून एरर गिळलेली असते. म्हणून बग असला तर पडणारी टेस्ट आधी लिहून घ्या, ती पडताना स्वतः बघा, कमिट करा, आणि मगच दुरुस्ती सांगा. त्यानंतर त्या फाइलमध्ये बदल दिसला तर तो ताबडतोब डोळ्यांत भरतो.

संभाषण लांबलं की दर्जा घसरतो. मॉडेलच्या समोर एका वेळी मावणारा मजकूर मर्यादित असतो. तो भरत आला की साधनं आधीच्या संभाषणाचा सारांश करून पुढे जातात, आणि त्यात सकाळी सांगितलेल्या बारीक अटी गळतात. नवं काम, नवं सत्र. एकच गोष्ट दोनदा समजावूनही चुकली तर तिसऱ्यांदा समजावू नका. सत्र बंद करून, झालेल्या चुकीसकट काम नव्याने नीट लिहून द्या.

जे प्रत्येक वेळी सांगावं लागतं ते प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात एका फाइलमध्ये ठेवा. क्लॉड कोड 'क्लॉड डॉट एमडी' वाचतो, कोडेक्स 'एजंट्स डॉट एमडी'. ही फाइल छोटी ठेवा: टेस्ट कशा चालवायच्या, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, आणि तुमच्या धंद्याचे शब्द. आमच्या फाइलमध्ये सभासद, नाममात्र सभासद, जामीनदार, थकबाकी यांचा नेमका अर्थ मराठीतच लिहिला आहे, आणि त्याखाली दऱ्या-दर्याची ओळ आहे. सूचना मराठीत दिल्या तरी आजची मोठी मॉडेल्स नीट समजतात. देवनागरी मजकुराला टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते, जास्त लागतात, त्यामुळे लांबच लांब सूचना मी इंग्रजीत देते, पण 'जामीनदार' चं भाषांतर करत नाही. भाषांतर केलं की तो कधी एक शब्द वापरतो, कधी दुसरा, आणि कोडमध्ये एकाच गोष्टीला दोन नावं पडतात.

टर्मिनलचा खास फायदा इथे सांगायला हवा. एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा पाइप युनिक्समध्ये १९७३ साली आला, डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे, आणि हे सहायक त्याच पाइपला जोडता येतात. रात्री पडलेल्या जॉबचा लॉग ग्रेपने गाळायचा, शेवटच्या दोनशे ओळी घ्यायच्या आणि थेट सहायकाकडे ढकलायच्या, काय बिघडलं असावं ते विचारायला. उत्तर चुकलं तरी कोड बदललेला नसतो. तुमच्या टीममध्ये ज्यांना अजून धाकधूक आहे, त्यांना इथून सुरुवात करू द्या.

मुभा किती द्यावी? फायली वाचणं, ग्रेप, टेस्ट, गिट स्टेटस, गिट डिफ, गिट लॉग, हे न विचारता चालू दे. नाहीतर दर मिनिटाला होकार द्यावा लागतो, आणि तासाभरात माणूस न वाचताच होकार देऊ लागतो, ते जास्त वाईट. फायलींतले बदल ब्रँचवर चालू दे. पॅकेज बसवणं, मायग्रेशन चालवणं, काही पुसणं, गिट पुश, बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं, यांपैकी काहीही करण्याआधी प्रत्येक वेळी त्याने विचारलंच पाहिजे. पॅकेजच्या बाबतीत तर नाव स्वतः तपासा. मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव खात्रीने सांगतं, आणि अशी नावं हेरून त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत.

प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीचा, पासवर्ड, सर्व्हरची किल्ली, क्लाउडचं प्रवेश-टोकन, हे ज्या शेलमध्ये सहायक चालतो तिथे असताच कामा नये. 'प्रॉडक्शनला हात लावू नकोस' असं फाइलमध्ये लिहिणं ही विनंती झाली. किल्लीच नसणं हा बंदोबस्त. सहायक जे वाचतो त्यात दुसऱ्याने पेरलेल्या सूचना असू शकतात, एखाद्या लायब्ररीच्या रीडमीमध्ये, एखाद्या बग-रिपोर्टमध्ये, वेब पानावर. प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. मॉडेलला तुमची सूचना आणि वाचलेल्या मजकुरातली सूचना यांतला भेद दर वेळी खात्रीने करता येत नाही. सगळ्या परवानग्या एकदम देऊन टाकणारा पर्यायही या साधनांत असतो. तो वापरायचाच असेल तर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या कप्प्यात, जिथे प्रकल्पाच्या प्रतीपलीकडे काही नाही आणि मॉडेलचा सर्व्हर सोडून बाकी नेटवर्क बंद आहे, तिथेच.

आणि सभासदांचा, ग्राहकांचा ओळख पटवणारा खरा डेटा त्याच्या वाचनात येऊ देऊ नका. सहायकाने वाचलेली फाइल मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, पण कायद्याचं सोडा, ज्यांनी विश्वासाने आपलं नाव-गाव-पॅन दिलं त्यांचं ते आहे.

वेळ किती वाचेल हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वरिष्ठ विचारतील. मेटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्याच मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करणारे १६ अनुभवी डेव्हलपर, २४६ कामं, काही एआय वापरून, काही न वापरता. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की २४ टक्के वेळ वाचेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की २० टक्के वाचला. ती साधनं मुख्यतः एडिटरमधली होती, मॉडेल्सही तेव्हापासून पुष्कळ सुधारली, त्यामुळे १९ चा आकडा तुमच्यावर चिकटवू नका. वाटणं आणि असणं यांतली तफावत मात्र मी स्वतःत पाहिली आहे. म्हणून पहिले दोन महिने प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, डिफ वाचायचा वेळ धरून. माझ्या नोंदीत टेस्ट लिहिणं, अनोळखी कोड समजून घेणं, एकवेळची स्क्रिप्ट, लायब्ररीची आवृत्ती वाढवणं यांत घसघशीत वेळ वाचला आहे. जे मॉड्यूल मला पाठ आहे त्यातल्या चार ओळींच्या बदलाला मी त्याला बोलावत नाही.

पहिलं मॉड्यूल निवडताना व्याज किंवा वसुली घेऊ नका. अहवाल किंवा पावती छापणारं घ्या, जिथे चूक झाली तर कागद बघून कळते. त्याच्या टेस्ट लिहून झाल्या की कोड दहा ठिकाणी मोडून बघा आणि दहापैकी किती वेळा टेस्ट पडली ते मला सांगा. वसुलीच्या कोडला कधी हात लावायचा ते त्या आकड्यावरून ठरवू.